ऑर्फाची टेकडीवरची जागा

ऑर्फा किम्ब्रेल सतरा वर्षांची होती तेव्हाच तिची कबर झाली होती. वर दगड होता, दगडावर नाव, नावाखाली तारीख. आणि त्यानंतर बाई चोपन्न वर्षं जगली. नदीकाठच्या हॉटेलच्या चादरी धुतल्या, इस्त्र्या केल्या, दर रविवारी चर्चला गेली, गुडघे दुखायला लागले, केस पिकले. आमच्या हॅस्केल बेंडमध्ये मोठ्या माणसांना याचं काही वाटायचं नाही. पोरंच तेवढी कबरस्तानातून धापा टाकत खाली यायची आणि तिच्या खिडकीशी उभी राहायची.

"मिस ऑर्फा, तुम्ही वर पण आहात आणि इथे पण आहात. ते कसं?"

"वर मला काही काम नसतं," ती इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची. "इथे चाळीस उशांचे अभ्रे पडलेत. जा पळा."

त्याचं झालं असं. त्या वर्षी वसंतात नदी फुगली होती. पलीकडे जायला तेव्हा पूल नव्हता, दोरावर ओढायची सपाट नाव होती. ऑर्फा अंडी घेऊन मावशीकडे निघालेली. मध्यावर दोर तुटला. चौघांनी फळ्या धरल्या आणि ते वाचले. ऑर्फाच्या हातात टोपली होती. तिने आधी टोपली सांभाळली, म्हणे. मग पाण्याने तिलाच नेलं.

तिची आई डेल्फिया काठावर येऊन उभी राहिली ती हलेचना. जेवण नाही, झोप नाही. पाद्री आला, शेजारणी आल्या, कुणी शाल टाकली अंगावर, तर ती शालही पाण्यात पडली, तिला पत्ता नाही. आठ दिवस ती पाण्याकडे बघत होती. बाप एमॉस गाडी घेऊन खालच्या अंगाला शोधत गेला होता. नवव्या दिवशी तो परत आला. गाडीत नवी पेटी, झाकणाला खिळे ठोकलेले.

"सापडली," तो म्हणाला. "बघण्यासारखी राहिली नाही. उघडायची नाही."

तेव्हा कुठे डेल्फिया नदीवरून घरी आली.

सहा पोरांनी पेटी टेकडीवर नेली. त्यात शेजारचा वेंडेल स्ट्रोथर होता, अठरा वर्षांचा, सदा पुस्तकात डोकं. त्याचा ऑर्फावर जीव होता हे गावाला ठाऊक होतं, तिला सोडून. पेटी जड होती. महिनाभर त्याच्या खांद्यावरचा वळ गेला नाही.

आणि मग तेविसाव्या दिवशी ऑर्फा चालत आली. अंगात पुरुषाचा सदरा, पाय अनवाणी. खाली दूर होडीत राहणाऱ्या लोकांनी तिला वाहत्या ओंडक्यांतून ओढून काढलं होतं. तापात तिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. नाव आठवलं तशी निघाली. मागच्या ओसरीवर आई कोंबडीची पिसं काढत बसली होती. तिने वर पाहिलं.

"कोण गं तू?" आई म्हणाली. "जेवलीस का?"

"आई, मी ऑर्फा."

"माझी ऑर्फा टेकडीवर आहे," आई अगदी शांतपणे म्हणाली. "ये. बस. दोन घास खाऊन घे."

त्या दिवसापासून ती तिला पोरी म्हणायला लागली. पोरी, पाणी आण. पोरी, दार लाव. वाईट वागली नाही हो कधी. उलट पाहुण्याला वाढावं तसं आधी तिच्या ताटात वाढायची. पण नाव म्हणून घेतलं नाही. बाप मात्र फाटकाचा खांब धरून रडला. लोकांनी विचारलं, मग एमॉस, त्या पेटीत कोण आहे? तो खाली बघून म्हणाला, असेल कुणाची तरी लेक. पाण्याने चेहरा राहत नाही. माझी चूक झाली. पाद्री म्हणाला, जी कोण असेल तिला शांत झोपू द्या. दगडाला हात लावायचा म्हटलं तर डेल्फिया आडवी पडायची, म्हणून ऑर्फाच्या नावाचा दगड तसाच राहिला. एमॉस त्यानंतर चर्चमध्ये पाऊल टाकायला तयार नाही. दोन वर्षांनी गवत कापताना खाली बसला तो उठला नाही.

पुढे एकोणीस वर्षं दर रविवारी आई टेकडीवर जायची. हातात फुलं. मागून ऑर्फा, पाण्याचा डबा घेऊन. आई स्वतःच्या लेकीच्या कबरीवर फुलं ठेवायची, आणि लेक त्यांना पाणी घालायची. मी सांगते, ते बघून गावातले पुरुष रस्ता बदलून जायचे.

शेवटच्या दुखण्यात आई म्हणाली, "पोरी, तुझं भलं होईल, मला माझ्या ऑर्फाशेजारी ठेव." ऑर्फाने ठेवलं. एका बाजूला बाप, मध्ये आई, आणि आईच्या पलीकडे ती जागा, कुंपणापर्यंत दोन-तीन हात मोकळी जमीन, मग कुंपण.

लग्न काही झालं नाही. जिची कबर आहे तिला मागणी कोण घालणार? तिला दुसरं काही नकोही होतं. एकच धरून बसली होती. जितेपणी आईने ओळखलं नाही, निदान मेल्यावर आईच्या शेजारी आपण असावं. नाव तर दगडावर आहेच, ती म्हणायची, तारीख तेवढी बदला.

इकडे वेंडेल मोठ्या शहरात गेला आणि त्याने पुस्तक लिहिलं. सगळं आमचंच गाव. पाद्री, न्हावी, हॉटेलवाली, नावं तेवढी बदललेली. आणि एक पोर, लाव्हिना. ती नावेवरून पडते, नववा दिवस येतो, सहा पोरं पेटी उचलतात. देशभरच्या बायका त्या पानावर रडल्या. हॉटेलवालीने ते ऑर्फाला वाचून दाखवलं, ऑर्फा चादरीच्या घड्या घालत ऐकत होती.

"मग ती परत कधी येते?" ऑर्फाने विचारलं.

"येत नाही गं. संपलं पुस्तक."

वेंडेल एकदाच गावात आला, म्हातारपणी, नाव झाल्यावर. हॉटेलच्या अरुंद बोळात समोरून ऑर्फा आली, हातांवर पांढऱ्या चादरींचा गठ्ठा. तो भिंतीला चिकटला. टोपी काढली, छातीशी धरली, मान खाली घातली आणि ती जाईपर्यंत तसाच राहिला. पेटी जाताना लोक करतात ना, तसं. दुसऱ्या सकाळी गेला.

तो वारला, आणि गावाने त्याचा दिवस पाळायला सुरुवात केली. सप्टेंबरात, त्याच्या वाढदिवसाला. कचेरीसमोर मांडव, बँड, तळलेले मासे, मक्याचा पाव, सफरचंदाची पाई, मोटारी भरभरून पाहुणे. आणि पुढे बारा खुर्च्यांची रांग. पुस्तकात जी जी माणसं होती त्यांच्या पुस्तकातल्या नावाची चिठ्ठी प्रत्येक खुर्चीला. जी जिवंत ती येऊन बसायची, टाळ्या घ्यायची. जी मेली त्यांच्या खुर्च्या रिकाम्या, आणि शाळेतल्या पोरी पांढरे झगे घालून एकेका रिकाम्या खुर्चीवर फूल ठेवत जायच्या. लाव्हिनाच्या खुर्चीवर पहिल्या वर्षापासून फूल पडायचं. ऑर्फा मागे सरबताच्या टेबलाशी उभी असायची. त्या टेबलावरचं कापड तिनेच इस्त्री केलेलं.

पाहुणे टेकडीवर जायचे आणि विचारायचे, लाव्हिना कुठे आहे? गाववाले ऑर्फाचा दगड दाखवायचे. एकदा ऑर्फा तिथे गवत उपटत होती. एका बाईने दगडावरचं नाव वाचलं आणि विचारलं, तुमच्या कोण या? ऑर्फा म्हणाली, मीच. ती बाई जी उतारावरून पळाली, तिचा एक बूट वरच राहिला. ऑर्फा हसली तेव्हा. पण धुण्याच्या टबात हात घातले की कधी कधी ती थांबायची. ते तेवीस दिवस तिला आठवत नव्हते. आठवायचं ते एवढंच, डोक्यावर तांबूस पाणी आणि खूप वर कुठेतरी उजेड. तिथून आपण वर आलो का, असं तिला वाटून जायचं. की आपण तिथेच आहोत.

पाचव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, लोरीन टॅकेट तिच्याकडे आली. लोहारसामानाच्या दुकानवाल्याची बायको, वेंडेलच्या दिवसाचं सगळं तीच बघायची. येताना लिंबाचा केक आणला होता.

"मिस ऑर्फा, या वर्षी लाव्हिनाचा दगड बसवतोय," ती म्हणाली. "काळा, घोटीव. तुमचा जुना आम्ही जपून ठेवू हं, शेडमध्ये."

"कुठे बसवताय?"

"तिच्या जागेवर."

"ती माझी जागा आहे, लोरीन."

"अहो पण तिथे कुणीतरी पुरलेलं आहे ना? कबरस्तानाच्या वहीत तसं आहे. एका जागी एकच माणूस, हा नियम मी नाही केला. तुमच्यासाठी नव्या कबरस्तानात बघू, हमरस्त्यापलीकडे. मोकळं आहे छान."

"तिथे माझी आई नाही."

लोरीनने केकवरचं फडकं काढलं, परत झाकलं. "मिस ऑर्फा, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमच्यासाठी टेकडीवर कोण येणार आहे? तिच्यासाठी तर बसगाड्या येतात."

"केक घेऊन जा," ऑर्फा म्हणाली. "मला लिंबाने पित्त होतं."

त्या वर्षीच्या सप्टेंबरात बँड थांबला, लोक बसले, आणि ऑर्फा सरबताच्या टेबलामागून निघून रांगेकडे गेली आणि लाव्हिनाच्या खुर्चीत जाऊन बसली. शेजारी आइक डॉबिन्स होता, म्हातारा न्हावी. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "ऑर्फा, ही मेलेल्यांची खुर्ची आहे."

"माहीत आहे. पाय दुखतायत माझे."

लोरीनने एकेक नाव घेतलं. लाव्हिना म्हटलं तसे सगळे उभे राहिले आणि तीनेकशे माणसांनी माना खाली घातल्या. इतकं गप्प झालं की खालून नदी ऐकू यायला लागली. पांढऱ्या झग्यातली एक पोर आली आणि तिने ऑर्फाच्या मांडीवर फूल ठेवलं. रिकाम्या लाकडावर ठेवावं तसं, अलगद, बघितल्याशिवाय.

"बाळ, मी इथे आहे," ऑर्फा म्हणाली.

"हो बाई," पोर हळूच म्हणाली. "आम्हाला माहीत आहे तुम्ही इथे आहात." आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

मेलेल्या माणसाशी बोलतात तसा आवाज होता तो. ऑर्फाने पुढे पाहिलं, एकही मान वर नव्हती. तिने दोन बोटं आपल्या मनगटावर दाबली. काही लागेना. मग अंगठ्याखाली एकदा लागलं, पुन्हा एकदा. ती तशीच मनगट धरून बसून राहिली, लोक टेकडीवर दगड बघायला गेले तरी.

सोमवारी ती कचेरीत गेली. खिडकीपलीकडे गिल्बर्ट नावाचा नवा कारकून.

"कबर उघडायची परवानगी पाहिजे," ती म्हणाली.

"मयताचं नाव?"

"ऑर्फा किम्ब्रेल."

"अर्जदार?"

"ऑर्फा किम्ब्रेल."

गिल्बर्टने वर पाहिलं, परत कागदाकडे. "नातं काय, बाई? इथे नातं लिहावं लागतं. जवळच्या नातेवाइकालाच मिळते परवानगी."

"माझ्याहून जवळचं कोण असणार आहे तिला?"

त्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं, स्वतः. आणि शिक्का मारला.

ऑक्टोबरातल्या गुरुवारी सकाळी ते वर गेले. नदीवरून धुकं आलं होतं आणि टेकडीचा माथा तेवढा कोरडा होता. कबरस्तान सांभाळणारा हॉलिस प्रूइट, त्याचे दोन खणणारे गडी, लोरीन आणि ऑर्फा. लोरीन हातमोजे चोळत होती. गड्यांनी काळा दगड पहारीने उचकटून बाजूला ठेवला. हॉलिसने लांब लोखंडी गज काढला. जुन्या कबरी तो अशाच तपासायचा, गज मातीत घालायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचा. त्याने अंगाचा भार टाकला. गज गेला, गेला, आणि थांबला.

"लाकूड," हॉलिस म्हणाला.

खणलं. पेटी शाबूत होती, तिथली माती चिकण. दोर घातले, तिघांनी ओढली, आणि एक गडी घसरून गुडघ्यावर आला.

"मिस ऑर्फा," हॉलिसने कपाळ पुसलं, "आत कुणीतरी आहे. रिकाम्या पेटीला एवढं वजन नसतं."

"मी म्हटलं होतं," लोरीन म्हणाली. "राहू द्या ना. देवाला आवडणार नाही हे."

ऑर्फाचे ओठ पांढरे पडले होते. आत आपणच निघालो तर, हे तिच्या मनात आलं होतं. सतराची, केसांत नदीची वाळू. मग इथे उभी आहे ती कोण? आईला खरंच कळलं होतं की काय?

"उघड, हॉलिस."

खिळे एकेक करून किंचाळत निघाले. झाकण बाजूला झालं. आत गोटे होते. नदीतले वाटोळे गोटे, मधे मधे गवत ठासलेलं, आवाज होऊ नये म्हणून नीट रचलेले. त्यावर निळा झगा, रविवारचा. बाकी काही नाही. हाड नाही, केस नाही.



ऑर्फाने एक गोटा उचलून परत ठेवला. "बाबांनी भरले," ती म्हणाली. "कुणी सापडलंच नव्हतं. आई नदीवरून उठत नव्हती, म्हणून. काहीतरी घरी आणल्याशिवाय ती आली नसती." ती पुढे म्हणाली, "मग मी आले. आणि मग त्यांना सांगता येईना."

तिने वाकून झग्याला हात लावला आणि तसाच ठेवला.

"हा ओला आहे."

"ओल चढते जमिनीत," हॉलिस म्हणाला.

तिने झगा उचलून पिळला. पाणी गळलं, तांबूस, बारीक वाळूचं. खालचं गवत कुरकुरीत वाळलेलं होतं. गोट्यांवर धूळ होती. आयुष्यभर कपडे धुतलेली बाई ती, ओल चढलेला कपडा कसा असतो आणि नुकता पाण्यातून काढलेला कसा असतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने तो परत पिळला. परत पाणी. हॉलिसने टोपी काढली आणि का काढली ते त्याला कळेना. गडी दोघे चार पावलं मागे सरले.

"मग लाव्हिना कुठे आहे?" लोरीन म्हणाली. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "लोक फुलं आणतात, मिस ऑर्फा. खाली कुणी नाही, असं मी त्यांना कसं सांगू?"

ऑर्फाला तिच्यावर चिडायचं होतं, महिनाभर तयारी केली होती. पण ते निघून गेलं.

"नको सांगूस. तिचा दगड तिकडे सरकव, कुंपणाकडे. आईच्या शेजारी माझा. माझ्या पलीकडे तिचा. वहीत लिही, हॉलिस, ही जागा रिकामी होती. आता ऑर्फासाठी राखली."

"आणि हे?" हॉलिसने झग्याकडे बोट केलं, हात न लावता.

"हा तिचा. तिच्या दगडाखाली पुरून टाक. माझा केव्हाच वाळला."

मग ती आईच्या दगडाशी गेली. ओले हात स्कर्टला पुसले. "आई," ती म्हणाली, "तुझ्या शेजारी कुणीच नव्हतं गं इतकी वर्षं. मी ऑर्फा. थोडी थांब."

हॉलिस पेटीचे गोटे काढून कुंपणाशी टाकत होता. जरा वेळाने तो आला, अवघडून उभा राहिला.

"मिस ऑर्फा, खड्डा बुजवू ना?"

"बुजव. कुणाची गाय पडायची," ती म्हणाली. "पण फार चोपू नकोस. पुन्हा तुलाच खणायचंय."

हॉलिसला हसावं की नाही कळेना. तिने हसून दाखवलं तेव्हा तोही हसला, फावडं उचललं आणि माती हलक्या हाताने टाकायला लागला.